खुब्याचा सांधा आणि जॉन चार्नली: स्वतःच्या मांडीत प्लास्टिक टोचून घेणारा डॉक्टर



टेनिस बघत असाल तर अँडी मरे हे नाव तुम्हाला माहीत असेलच. जानेवारी २०१९ मध्ये लंडनमध्ये त्याच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सांध्यात धातू बसवला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. या ऑपरेशनला हिप रिसरफेसिंग म्हणतात. त्यात खुब्याचा गोळा कापून टाकत नाहीत. तो थोडा तासतात आणि त्यावर धातूची टोपी बसवतात. समोरच्या खोबणीत धातूची वाटी बसते.

या विषयावर वाचायला लागलो तेव्हा मला वाटलं, हे तंत्रज्ञान अगदी नवं असणार. पण मागे मागे जात गेलो आणि १९५० च्या दशकातल्या एका इंग्लिश सर्जनपाशी येऊन थांबलो. त्यांचं नाव सर जॉन चार्नली. आज जगभर जे खुबे बदलले जातात त्यांचा पाया त्यांनी घातला. गंमत म्हणजे त्यांनी सुरुवात रिसरफेसिंगपासूनच केली होती. ते फसलं, मग त्यांनी दुसरी वाट धरली, तीही फसली आणि तिसऱ्यांदा जमलं.

फोनमध्ये अपडेट बिघडलं तर कंपनी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवते. शरीरात बसवलेला भाग बिघडला तर काय करायचं? चार्नली यांचं निम्मं आयुष्य या प्रश्नात गेलं. चला तर मग, त्यांची गोष्ट समजून घेऊया.

आधी खुब्याचा सांधा समजून घेऊ

मांडीचं हाड वर जिथे संपतं तिथे एक गोल गोळा असतो. कमरेच्या हाडात त्याच्यासाठी वाटीसारखी खोल खोबण असते. गोळा या खोबणीत फिरतो, म्हणून याला उखळीचा सांधा म्हणतात. पाय पुढे-मागे, आत-बाहेर, गोल, सगळीकडे वळतो तो यामुळेच.

गोळ्यावर आणि खोबणीत एक गुळगुळीत, पांढरट थर असतो. ही कूर्चा. भोवती मजबूत पिशवीसारखं आवरण असतं आणि आत थोडंसं वंगण. गोळा आणि मांडीच्या हाडाचा दांडा यांना जोडणारा तिरका भाग म्हणजे हाडाची मान. वय झालेली माणसं पडली की अनेकदा मोडते ती हीच मान.

आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

पहिली गोष्ट रक्ताची. गोळ्याला मिळणारं बहुतेक रक्त मानेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. त्या तुटल्या की गोळ्याचं हाड हळूहळू मरतं.

दुसरी गोष्ट वजनाची. चालताना आपण दर पावलाला क्षणभर एका पायावर उभे असतो. तेव्हा शरीर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जोरात ओढतात. शरीराचं वजन आणि स्नायूंची ओढ मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर दीडशे-एकशेऐंशी किलो! आणि हे वर्षाला साधारण दहा लाख वेळा.

कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. चार्नली यांच्या तरुणपणी अशा रुग्णासाठी फारसं काही नव्हतं. काठी, वेदनाशामक गोळ्या, नाहीतर सांधा कायमचा जाम करून टाकायचं ऑपरेशन. दुखणं थांबायचं, पण पाय कमरेपाशी वळायचा नाही.

बरी गावचा मुलगा

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधल्या लँकशर भागातल्या बरी या गावी झाला. वडिलांचं औषधांचं दुकान होतं आणि आई नर्स होती. ते मँचेस्टरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १९३५ मध्ये डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी, पंचविशीत, सर्जनची एफआरसीएस ही अवघड परीक्षा पास झाले.

१९४० मध्ये ते सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. डंकर्कहून सैनिकांना परत आणण्याच्या मोहिमेत होते. नंतर त्यांना कैरोला पाठवलं गेलं. तिथे जखमी सैनिकांच्या मोडलेल्या हाडांसाठी खपाच्या, म्हणजे आधाराच्या पट्ट्या आणि ऑपरेशनची अवजारं बनवायचं काम त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपमधल्या कारागिरांबरोबर केलं. डॉक्टर आणि मेकॅनिक एका टेबलाशी बसले तर काय होऊ शकतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

युद्धानंतरचा एक प्रसंग त्यांचा स्वभाव दाखवतो. एका जागचं हाड काढून दुसरीकडे लावलं तर ते कसं जगतं, याबद्दल त्यांना एक शंका होती. ती तपासायला त्यांनी एका सहकाऱ्याला स्वतःच्याच नडगीच्या हाडाचा तुकडा काढायला लावला. हाडात जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. एवढ्यावर कोणीही शहाणा झाला असता. चार्नली झाले नाहीत, हे पुढे दिसेलच.

कुरकुरणारा खुबा

१९४७ मध्ये ते मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत सर्जन म्हणून रुजू झाले. त्या काळात फ्रान्समधल्या ज्यूडे बंधूंनी काढलेली एक पद्धत चालू होती. खराब गोळा कापायचा आणि त्या जागी अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा गोळा बसवायचा. असा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्नली यांच्याकडे आला. त्याची तक्रार अशी की आपण हाललो की खुबा कुरकुर आवाज करतो आणि त्या आवाजाने बायको वैतागते.

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. चार्नली यांना मात्र त्यात इंजिनिअरिंगचा प्रश्न दिसला. आवाज येतोय म्हणजे घर्षण जास्त आहे. घर्षण जास्त म्हणजे दर पावलाला तो गोळा हाडातून पिळला जातोय. आज ना उद्या तो सैल होणारच.

मग त्यांनी खऱ्या सांध्यातलं घर्षण मोजायला घेतलं. निष्कर्ष थक्क करणारा होता. निरोगी कूर्चेवर कूर्चा जितकी सहज घसरते तितका बर्फावर बर्फसुद्धा घसरत नाही. आणि हे श्रेय फक्त वंगणाचं नाही, कूर्चेचा पृष्ठभागच तसा आहे. म्हणजे कृत्रिम सांध्यात नुसतं वंगण असून भागणार नव्हतं. मुळात घसरणारा पदार्थच शोधायला हवा होता.

पहिला प्रयत्न: टेफ्लॉनच्या दोन टोप्या

घसरणारा पदार्थ म्हटल्यावर नॉनस्टिक तव्याचं टेफ्लॉन आठवतं ना? चार्नली यांनाही तेच सुचलं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी गोळ्यावर टेफ्लॉनची एक पातळ टोपी आणि खोबणीत टेफ्लॉनची एक पातळ वाटी बसवली. हाड जवळपास तसंच ठेवायचं आणि फक्त झिजलेला पृष्ठभाग बदलायचा. म्हणजे आजच्या भाषेत रिसरफेसिंग!

सुरुवातीला रुग्ण खूश होते. पण थोड्याच काळात सांधे बिघडायला लागले. मघाशी सांगितलेली रक्तवाहिन्यांची गोष्ट आठवा. टोपी बसवायला गोळा खोबणीतून बाहेर काढावा लागतो, भोवतालचं आवरण कापावं लागतं, आणि यात गोळ्याचं रक्त तुटू शकतं. टोपीखालचं हाडच मेलं तर टोपी कशावर टिकणार? त्यात पातळ टेफ्लॉन झिजतही होतं.

दुसरा प्रयत्न: गोळा छोटा करा

मग चार्नली यांनी गोळा वाचवायचा नाद सोडला. गोळा आणि मान कापून टाकायची. मांडीच्या हाडाच्या पोकळीत स्टीलचा दांडा रोवायचा, त्याच्या टोकाला स्टीलचा गोळा. खोबणीत जाड टेफ्लॉनची वाटी.

इथे त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. खरा गोळा साधारण साडेचार-पाच सेंटिमीटरचा असतो. चार्नली यांनी आपला गोळा कमी करत करत २२.२२५ मिलिमीटरवर आणला, म्हणजे बरोबर सात अष्टमांश इंच. का? घट्ट झाकण काढताना मोठ्या झाकणाला जास्त पीळ लागतो, कारण घर्षण मध्यापासून लांबवर काम करतं. गोळ्याची त्रिज्या निम्मी केली की घर्षणाचा पीळही निम्मा होतो आणि वाटी सैल होण्याची भीती कमी होते. शिवाय गोळा छोटा असला की वाटी जाड ठेवायला जागा मिळते. या पद्धतीला कमी घर्षणाचं सांधारोपण असं नाव पडलं.

दांडा हाडात घट्ट बसवायला त्यांनी दंतवैद्यकाची मदत घेतली. मँचेस्टरमध्येच दातांच्या साहित्यावर काम करणारे डेनिस स्मिथ यांनी त्यांना कवळीसाठी वापरतात तसं, आपोआप घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक सुचवलं. याला बोन सिमेंट म्हणतात. नावावर जाऊ नका, ते चिकटवत नाही. टाइल्सच्या फटीत भरतात त्या ग्राउटसारखं ते दांडा आणि हाड यांच्यामधली जागा भरून काढतं आणि भार सगळीकडे सारखा वाटतं.

१९६१ मध्ये चार्नली यांनी हे ऑपरेशन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. वर्षानुवर्षं वेदनेने अडकलेली माणसं काही आठवड्यांत चालायला लागली होती. विगनजवळच्या राइटिंग्टन इस्पितळात त्यांचं खुब्यांसाठीचं खास केंद्र सुरू झालं. हे मूळचं क्षयरोग्यांचं इस्पितळ. नव्या औषधांमुळे क्षयाचे रुग्ण कमी झाले होते आणि खाटा रिकाम्या होत्या.

तीनशे माणसांचा प्रश्न

आणि मग टेफ्लॉनने दगा दिला.

तव्यावर टेफ्लॉन छान घसरतं, पण दीडशे किलोच्या भाराखाली लाखो वेळा घासलं की ते झिजतं. दोन-तीन वर्षांत स्टीलचा गोळा वाटीत खोल रुतत चालला. त्याहून वाईट म्हणजे झिजून सुटलेला भुगा. शरीराला तो परका वाटायचा. सांध्याभोवती सूज यायची, दह्याच्या गाठीसारखा पदार्थ साचायचा, हाड पोखरलं जायचं, सगळंच सैल व्हायचं.

तोपर्यंत सुमारे तीनशे रुग्णांमध्ये टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या होत्या. आपण दिलेली गोष्ट एकेका माणसाच्या शरीरातून परत काढायची, आणि तिच्या जागी काय घालायचं ते माहीत नाही. चार्नली यांनी ही पुन्हा करायची ऑपरेशनं दुसऱ्यांवर ढकलली नाहीत. ती स्वतः करत राहिले.

माझ्या मते त्यांच्या आयुष्याचं वळण हेच आहे. इथपर्यंतचे चार्नली हुशार आणि घाईचे होते. इथून पुढचे चार्नली आधी झीज मोजणारे आणि मग वाट बघणारे आहेत.

हॅरी क्रेव्हन आणि यंत्रमागाचं प्लास्टिक

राइटिंग्टनमध्ये हॅरी क्रेव्हन नावाचे तंत्रज्ञ चार्नली यांच्याबरोबर काम करायचे. प्लास्टिकचा तुकडा धातूखाली दिवसरात्र घासून त्याची झीज मोजणारं एक यंत्र त्यांनी बनवलं होतं.

१९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता तिथे आला. त्याच्याकडे यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं एक प्लास्टिक होतं, अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन. बादल्या-पिशव्यांच्या प्लास्टिकचाच हा दणकट भाऊ. चार्नली यांनी तुकड्यावर अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, नख रुतलं, आणि ते निघून गेले. इतकं मऊ काय कामाचं?

क्रेव्हननी मात्र तुकडा यंत्रावर चढवला. चार्नली परिषदेसाठी कोपनहेगनला गेले होते तेव्हा यंत्र चालूच होतं. ते परतले तेव्हा तीन आठवडे झाले होते, आणि टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं तितकंही हे पॉलिथिलीन झिजलं नव्हतं. ज्याने मालकाचा नकार ऐकूनही चाचणी लावली त्या तंत्रज्ञामुळे पुढे लाखो माणसं चालली, हे विसरायला नको.

पण यंत्रावर पास झालं म्हणजे शरीरात पास झालं असं नाही. टेफ्लॉनचा खरा त्रास भुग्याचा होता. म्हणून चार्नली यांनी टेफ्लॉन आणि पॉलिथिलीन या दोन्हींची बारीक पूड स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला गाठी लागत होत्या. पॉलिथिलीनच्या जागी काहीच नाही. नडगीचा अनुभव गाठीशी असूनही पुन्हा स्वतःवर प्रयोग! कृपया हे घरी करू नका. आजच्या नियमांत असं सहजासहजी करता येणार नाही, आणि ते योग्यच आहे.

नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिथिलीनच्या वाट्या रुग्णांमध्ये बसायला लागल्या. त्यांची झीज वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास निघाली.

यश मिळालं, तरी दुकान उघडलं नाही

आता कोणीही असता तर सांधा लगेच जगभर विकायला काढला असता. चार्नली यांनी उलट केलं. काही वर्षं हा सांधा सरसकट कोणालाही मिळत नसे. राइटिंग्टनला येऊन ऑपरेशन शिकलेल्या सर्जनलाच तो दिला जायचा. आधी आपल्या रुग्णांचं पुढे काय होतं ते त्यांना पाहायचं होतं.

हे पाहणं त्यांनी मृत्यूनंतरही चालू ठेवलं. आपण गेल्यावर तो सांधा तपासायला द्याल का, असं ते रुग्णांना विचारायचे. अनेकांनी होकार दिला. वर्षानुवर्षं चाललेला सांधा बाहेर काढून पाहिल्याशिवाय आत खरंच काय झालं हे कळत नाही. त्या रुग्णांचे आपण सगळे ऋणी आहोत.

दुसरी लढाई जंतूंशी होती. शरीरात परकी वस्तू असली की थोडेसे जंतूही पुरतात. सुरुवातीला शंभरातल्या सात-आठ रुग्णांना संसर्ग व्हायचा. चार्नली यांनी ऑपरेशन टेबलाभोवती काचेच्या खोलीसारखा कप्पा उभा केला. त्यात गाळलेली हवा वरून खाली वाहायची. सर्जनच्या अंगावर अंतराळवीरासारखा पोशाख, आणि त्यातला श्वास नळीने बाहेर ओढला जायचा. संसर्गाचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. आज मोठ्या इस्पितळांत सांधे बदलायच्या ऑपरेशन थिएटरमध्ये छतातून स्वच्छ हवा सोडतात, त्याचं मूळ इथे आहे.

आणि रिसरफेसिंगचं काय झालं?

चार्नली यांच्या छोट्या गोळ्याची एक किंमत होती. गोळा छोटा असला की टोकाच्या हालचालीत तो वाटीतून निसटू शकतो. माझ्या आत्याचा खुबा बदलला तेव्हा डॉक्टरांची पहिली सूचना हीच होती: खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. घरातला पाट माळ्यावर गेला. आपल्याकडे जेवण, पूजा, भाजी निवडणं सगळं जमिनीवर, त्यामुळे ही सूचना पाळणं सोपं नसतं. आजचे गोळे चार्नली यांच्या गोळ्यापेक्षा मोठे असतात, तरी काळजी लागतेच.

तरुण आणि धावपळ करणाऱ्या रुग्णांचा आणखी एक प्रश्न होता. तिशीत किंवा चाळिशीत गोळा कापला, तर पुढे सांधा पुन्हा बदलायला हाड किती उरणार? म्हणून १९९१ मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन डेरेक मॅकमिन यांनी जुनी कल्पना पुन्हा हाती घेतली. टेफ्लॉनऐवजी त्यांनी दोन्ही बाजूंना कोबाल्ट-क्रोमियम या कडक मिश्रधातूचा वापर केला. मरेच्या खुब्यात बसलं ते याच घराण्यातलं. गोळा मोठा राहतो, निसटायची भीती कमी, हाडही वाचतं.

पण धातूवर धातू घासला की धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि रक्तात मिसळतात. वाटीची रचना किंवा बसवायचा कोन चुकला तर भोवतालचे स्नायू खराब होऊ शकतात. स्त्रियांमध्ये आणि लहान आकाराच्या सांध्यांत निकाल तितके चांगले आले नाहीत. २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीला आपले धातू-धातूचे खुबे जगभरातून मागे घ्यावे लागले. तोपर्यंत ते सुमारे ९३ हजार रुग्णांमध्ये बसले होते, त्यात भारतातलेही होते. ऑस्ट्रेलियात प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवतात, आणि हे सांधे लवकर बिघडतायत हे त्या नोंदींत आधीच दिसलं होतं.

तीनशेच्या जागी ९३ हजार. चार्नली यांनी सांधा विकायची घाई का केली नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

शेवटची वर्षं

चार्नली १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९७७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचं निधन झालं. पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा दांडा ही जोडी आजही जगातल्या असंख्य खुब्यांमध्ये आहे. प्लास्टिक सुधारलं, गोळे सिरॅमिकचेही आले, पण मूळ मांडणी त्यांचीच.

घरात कोणाचा खुबा बदलायचा असेल तर डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. हा सांधा किती वर्षांपासून वापरात आहे? दहा-पंधरा वर्षांनंतर त्याचे निकाल कसे आहेत? आणि बसवलेल्या सांध्याच्या स्टिकरवरचा नंबर आम्हाला मिळेल का? तो नंबर फोनमध्ये फोटो काढून जपून ठेवा. उद्या एखादा सांधा परत मागवला गेला, तर तुमच्या माणसात नेमकं काय बसलंय हे त्याच नंबरवरून कळेल.